दीडशेवर शंभर, प्रश्नचिन्ह

मला ‘चेक’ या शब्दाचा राग येतो. आमच्या आरोग्य खात्यात तो मिठासारखा सगळ्यात पडतो. बाईच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला, की चेक केलं. नुसतं तिच्या तोंडाकडे बघून ‘बरी दिसतेस’ म्हटलं, तरी चेक केलं. लसीच्या डब्यातला बर्फ टिकलाय का ते बघितलं, चेक केलं. आणि काहीच न बघता छापील चौकोनात बरोबरची खूण केली, तरी चेकच केलं. वरून साहेब येतात तेव्हा रजिस्टर चेक करतात, म्हणजे चार पानं उलटतात आणि चहा घेतात. गुजरातच्या हद्दीवरच्या नाक्यावर गाड्या चेक होतात. माझी आई सारंगखेड्याहून फोन करते तेव्हा हमखास म्हणते, “गॅस बंद करेल शे का, चेक कर बरं.” तिच्या चेकमध्ये उठणं आहे, स्वयंपाकघरात जाणं आहे, बटणाला हात लावणं आहे. आमच्या चेकमध्ये हात लावणं असेलच असं नाही. डोंगरातल्या एका उपकेंद्रात मी कित्येक वर्षं नर्स आहे आणि यातला प्रत्येक चेक मी स्वतः केलेला आहे. तेव्हा हे टोमणे आधी मलाच लागतात.

तेवढाच राग मला दोन बारीक रेघांचा येतो. वरच्या ओळीत जे लिहिलंय तेच खाली, असं सांगायला आम्ही रजिस्टरमध्ये दोन छोट्या उभ्या रेघा मारतो. डिट्टो म्हणतो आम्ही त्याला. शहाद्याकडे, तापीच्या काठाला नोकरी करणाऱ्या माझ्या मैत्रिणींना ही खूण फारशी लागत नाही, कारण तिथल्या एका गावात वीस आडनावं. आमच्याकडे तसं नाही. काठी गावाच्या आसपासच्या डोंगरात पाडे पसरलेले, आणि एका पाड्यावर बहुतेकांचं आडनाव एकच. गावाचं नाव एक, पाड्याचं नाव एक, आडनाव एक, जमात एक. पहिल्या बाईचं सगळं लिहायचं आणि पुढच्या पंधरा बायकांना रेघा मारत खाली उतरायचं. हाताला सवय लागते. भात लावताना मान वर न करता बायका ओळ संपवतात, तशी मी पान संपवायची. आणि मला त्याचा अभिमान होता, हे लपवण्यात अर्थ नाही. माझी रजिस्टरं तालुक्यात सगळ्यात आधी पूर्ण व्हायची.

ज्या बुधवारबद्दल मला लिहायचं आहे तो दिवाळीनंतरचा. आमच्याकडे दिवाळी झाली की पाड्यांवरची माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात. जायच्या आधी गरोदर बायकांना तपासून घ्यायचं, म्हणून त्या दिवशी अंगणवाडीसमोर नेहमीच्या दुप्पट गर्दी. एका बाजूला लहान मुलांच्या लसी, रडारड, दुसऱ्या बाजूला वजनकाटा, आणि मध्ये मी, मांडीवर कच्ची वही. पक्कं रजिस्टर मी केंद्राबाहेर नेत नसे, धुळीने खराब होतं. आधी कच्च्या वहीत भराभर आकडे, मग केंद्रावर परत आल्यावर सुवाच्य अक्षरात पक्क्यात उतरवायचे.

एकामागून एक दोन बायका आल्या. पाडा एक, आडनाव एक, आणि पहिलं नावही एकच. आमच्याकडे हे नवीन नाही. एका आजीचं नाव चार नातींना असतं. दोघींना साधारण आठवा महिना. पहिलीचा रक्तदाब एकशे दहावर सत्तर. एकदम ठीक. दुसरीचा दीडशेवर शंभर.

आठव्या महिन्यात दीडशेवर शंभर हा आकडा धोक्याचा. अशी बाई बसल्या जागी झटके येऊन कोसळू शकते. ती जाते, पोटातलं जातं, कधीकधी दोघंही. पण डोंगर चढून आलेल्या बाईचा दाब थोडा चढलेला असतोच, म्हणून नियम असा की तिला स्वस्थ बसवायचं आणि परत मोजायचं. मी तिला म्हटलं, “जा, तिकडे सावलीत बस. तुला परत चेक करायचंय.” आणि वहीत आकड्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. ती गेली आणि सावलीत बसली. मी पुढच्या बाईच्या दंडाला पट्टा बांधला.

त्यानंतर एका मुलाला लस दिल्यावर चक्कर आली. मग लसीचा डबा न्यायची वेळ झाली म्हणून गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला. मग एका म्हातारीने डोळ्याचं औषध मागितलं आणि मी तिच्यावर खेकसले. या सगळ्या भानगडीत ती सावलीत बसलेली बाई माझ्या डोक्यातून साफ गेली. शुक्रवारी दुपारी मी वही उघडून पक्कं रजिस्टर भरायला बसले. पहिलीची ओळ लिहिली. दुसरीचं नाव तेच, म्हणून डिट्टो. आडनाव डिट्टो. पाडा डिट्टो, महिना डिट्टो. हात चालूच राहिला. रक्तदाबाच्या रकान्यातही दोन रेघा पडल्या.

सोमवारी आमच्या मोठ्या बाई आल्या. मोठ्या बाई म्हणजे आम्हा नर्सांची रजिस्टरं तपासणाऱ्या आरोग्य सहायिका, निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलेल्या, कडक. त्यांची पद्धत आम्हाला जाच वाटायची. त्या एकट्या बसून कधी रजिस्टर तपासत नसत. कच्ची वही स्वतःच्या हातात घ्यायच्या आणि मोठ्याने वाचायच्या. समोर पक्कं रजिस्टर घेऊन आपण बोट ठेवून ‘हो’ म्हणायचं. आणि त्या विरामचिन्हंसुद्धा वाचायच्या. “वजन बेचाळीस, स्वल्पविराम. रक्तदाब एकशे दहा, तिरकी रेघ, सत्तर, पूर्णविराम.” आम्ही पाठीमागे नकला करायचो. त्यांचं म्हणणं असं, की स्वल्पविराम म्हणजे त्या बाईचं काम अजून बाकी आहे, पूर्णविराम म्हणजे संपलं, आणि प्रश्नचिन्ह म्हणजे आजच्या आज परत जायचं. हे त्या प्रत्येक बैठकीत सांगायच्या आणि आम्ही माना डोलवायचो.

त्या सोमवारीही सकाळी नऊला वाचन सुरू झालं. मी अर्धवट झोपेत ‘हो, हो’ करत होते.

“रक्तदाब दीडशे, तिरकी रेघ, शंभर,” मोठ्या बाईंनी वाचलं आणि थांबल्या. “प्रश्नचिन्ह.”

मी ‘हो’ म्हणून गेले होते. मग बोटाखाली बघितलं. दोन रेघा.

“तुझ्याकडे काय लिहिलंय?”

त्यांनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं, बघितलं, चष्मा काढला. मला वाटलं आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“परत मोजलं होतंस?”

“नाही.”

“आज पाचवा दिवस आहे,” त्या म्हणाल्या. “रजिस्टर कुठे पळून जात नाही. आधी बाई शोध.”

आमच्या उपकेंद्रात मोबाइलला रेंज नाही. मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीची शिडी आहे, तिच्या पाचव्या पायरीवर चढलं की दोन दांड्या येतात. मी तिथे चढून पाड्यावरच्या आशाताईला फोन लावला. ती त्याच पाड्यावरची, चौथीपर्यंत शिकलेली, पाड्यावरच्या प्रत्येक घरात तिचं येणंजाणं. मी तिला बाईचं नाव सांगितलं आणि म्हटलं, ती घरी आहे का ते बघून लगेच सांग. दहा मिनिटांनी तिचा फोन आला.

“घरीच आहे बाई. मी चेक केलं. चुलीपाशी बसली आहे, भाकरी करते.”

मला हायसं वाटलं. मी खाली उतरले, मोठ्या बाईंना सांगितलं, ‘घरी आहे, बरी आहे.’ चहासुद्धा टाकला. मोठ्या बाईंनी कप हातात घेतला नाही.

“नवऱ्याचं नाव विचारलंस?”

नव्हतं विचारलं. मला माहीत होतं की त्या पाड्यावर त्या नावाच्या दोन गरोदर बायका आहेत. माझ्यासमोर दोन ओळी उघड्या पडल्या होत्या. तरी विचारलं नव्हतं. माणसाला चांगली बातमी हवी असली की तो पुढचा प्रश्न टाळतो, हे मी त्या दिवशी स्वतःत बघितलं आणि स्वतःची शिसारी आली. परत शिडी. कच्च्या वहीत दुसरीच्या नावापुढे नवऱ्याचं नाव होतं, ते मी आशाताईला वाचून दाखवलं.

“ती नाही बाई. ती वरच्या अंगाची. ती सकाळीच गेली, नवऱ्यासोबत. मुकादमाची पिकअप आली होती. अक्कलकुव्याहून ट्रक आहे त्यांचा.” मग ती म्हणाली, “तिला काय झालंय? तू मला बुधवारीच का नाही सांगितलं?”

“विसरले,” मी म्हणाले. मग मी विचारलं, ट्रक ओळखायचा कसा, आणि ती म्हणाली की त्यांनी सोबत बकरी नेली आहे, काळी, एका कानाला पांढरी.

मोठ्या बाईंना घेऊन आलेली गाडी आरोग्य केंद्राची होती, चालक खाली तळोद्याकडचा, अहिराणी बोलणारा, अघळपघळ माणूस. मी पट्टा आणि मशीन पिशवीत कोंबून धावत गेले तेव्हा तो बॉनेट पुसत होता.

“काय व्हयनं ताई?”

सांगितलं. त्याने फडकं टाकलं आणि गाडी सुरू केली. घाटात रेंज नाही, म्हणजे तासभर कोणालाही फोन नाही. मी तो तास फक्त हिशेब करत बसले: बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. पाच दिवसांत तो आकडा खाली आला असेल की वर गेला असेल? पिकअपच्या मागच्या बाजूला, भांड्यांच्या गोण्यांवर बसून, याच वळणांवरून ती सकाळी उतरली. प्रत्येक वळणाला मी रस्त्याच्या कडेला बघत होते, कोणी आडवं पडलंय का. स्वतःला शिव्या देत होते, मोठ्याने. चालकाने एकदाच माझ्याकडे बघितलं.

“भेटी जाई ती, ताई. घाबरू नका,” तो म्हणाला आणि पुढे वळणावर असा वळला की माझं डोकं खिडकीवर आपटलं.

अक्कलकुव्यात पोहोचलो तेव्हा बाजाराच्या चौकात चिंध्या, सांडलेलं भुसकट आणि चहाचे कागदी कप पडले होते. ट्रक निघून गेला होता. टपरीवाला म्हणाला, अर्धा तास झाला असेल. म्हणजे आता तो हायवेवर, आणि हायवेवरून हद्द किती लांब? एकदा पलीकडे गेला की कोणत्या साखर कारखान्याच्या कोणत्या शेतात उतरेल ते मुकादमालाच ठाऊक, आणि मुकादमाचा फोन बंद होता. मी रस्त्याच्या कडेला उकिडवी बसले आणि रडायला लागले. चालक मात्र फोनवर कोणाला तरी ओरडून सांगत होता. त्याच्या साडूचं नाक्याजवळ चहाचं हॉटेल होतं.

“मजुरस्ना ट्रक शे. मांगे काळी बकरी बांधेल शे, एक कान धवळा. दिखना तर थांबाड त्याले, जाऊ देऊ नको!”

पलीकडून काहीतरी उत्तर आलं. चालकाने फोन छातीशी धरला आणि मला म्हणाला, “लाइन लागेल शे ताई. चेकिंग चालू शे. तीन-चार ट्रक उभा शेतस.”

त्या नाक्यावर आजवर मी तासन्‌तास अडकले आहे. डिक्की उघड, कागद दाखव, कुठून आलात, कुठे जाता. त्या शिपायांना मी मनात काय काय नावं ठेवली असतील. त्या दिवशी आमची गाडी हायवेला लागली आणि मी मनापासून प्रार्थना करत होते की त्यांनी एकेका ट्रकातली एकेक गोणी सोडून बघावी.

ट्रक रांगेत तिसरा होता. बकरी आम्हाला आधी दिसली. मी मागच्या फळीला लोंबकळून वर चढले. ताडपत्रीखाली वीस-पंचवीस माणसं, कोंबड्या, गोधड्या, पातेली. ती एका कोपऱ्यात होती, डोकं गुडघ्यांवर ठेवून. मी हाक मारली तेव्हा तिने मान वर केली आणि माझ्याकडे नीट बघताही येईना तिला. डोळे बारीक करून बघत होती. तोंड सुजलेलं. पायातले वाळे मांसात रुतलेले.

“पट्टा बांधायचाय,” मी म्हटलं. “परत.”

तिने मुकाट्याने दंड पुढे केला. एकशे सत्तरवर एकशे दहा.

मुकादम खालून ओरडायला लागला. एक कोयता कमी म्हणजे नवरा-बायको दोघंही कमी, आता ऐन वेळी माणसं कुठून आणू, आणि तुम्ही कोण मध्ये पडणार? माझा राग स्वतःवरून उडून त्याच्यावर गेला. मी ट्रकावरूनच त्याला सांगितलं, की ही बाई तुझ्या ट्रकात मेली तर तुझं नाव मी स्वतः पोलिसांना देईन, आणि नाक्यावरचा शिपाई इथेच उभा आहे. तो शिपाई खरंच उभा होता. मुकादम बाजूला झाला. तिचा नवरा गोण्या उतरवायला लागला, बकरी सोडली. उतरताना त्याने मला विचारलं, “बाई, बुधवारी तर तू चेक केलं होतं. मग आज काय झालं?”

आणि मी म्हणाले, “मशीन बिघडलं होतं. म्हणून परत बघायला आले.”

हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज निघालं की मला स्वतःला धक्का बसला. अजूनही बसतो.

अक्कलकुव्याच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर तिला पहिला झटका आला. मी तिचं डोकं धरलं होतं, नवरा मागे बकरीचा दोर हातात घेऊन उभा. डॉक्टर धावत आले, इंजेक्शन दिलं, तोंडात कापडाचा बोळा नको, कुशीवर वळवा, असं कोणीतरी ओरडलं. तिथून ॲम्ब्युलन्सने नंदुरबार. दोन तास मी तिच्या दंडावरचा पट्टा सोडला नाही. फुगवायचा, ऐकायचा, आकडा लिहायचा, परत फुगवायचा. नंदुरबारला लगेच ऑपरेशन झालं. मुलगी झाली, एक किलो आठशे. काचेच्या पेटीत ठेवली. आई दोन दिवस कोणाला ओळखत नव्हती. त्या दोन दिवसांत मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही.

दोघी वाचल्या.

मोठ्या बाईंनी पुढच्या आठवड्यात मला बोलावलं आणि रजिस्टर उघडलं. मला वाटत होतं त्या ते पान बदलायला सांगतील. कोणी म्हटलंही असतं, की जीव वाचला, आता कशाला खरडून ठेवायचं. त्यांनी मला लाल पेन दिलं. दोन रेघांवर आडवी रेघ मारायला लावली, त्यावर बुधवारचा खरा आकडा लिहायला लावला, खाली ‘दुबार तपासणी केली नाही’ असं माझ्या हाताने, आणि सही. मला नोटीस आली. एक वेतनवाढ थांबली. त्याचं मला खरंच काही वाटलं नाही.

वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. पाड्यावर माझा मान वाढला होता. नर्सबाई डोंगरावरून धावत खाली गेली, ट्रक थांबवला, मुकादमाला झापलं, ही गोष्ट आशाताईने घरोघरी सांगितली होती. खरी गोष्ट तिला माहीत होती, तरी तिने तेवढीच सांगितली. का, ते मी तिला विचारलं नाही. बायका आपणहून तपासायला यायला लागल्या. एका म्हाताऱ्याने मला बांबूची टोपली आणून दिली. मी ती घेतली.

होळीच्या आधी दोन आठवडे मी त्या बाईच्या घरी गेले. ती पाड्याच्या वरच्या अंगाला राहते, चढ आहे, धाप लागते. मुलगी तिच्या कडेवर, काजळ माखलेली, टकटक बघत होती. तिची सासू आत गेली आणि भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन आली. माझ्या पायाशी ठेवली आणि हात जोडले. ती त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली. मला अर्धं समजलं, बाकीचं सुनेने सांगितलं. “म्हणते, तू आली नसतीस तर दोघींना एका दिवशी मसणात पोचवायला लागलं असतं.”

ती पिशवी उचलणं मला जमेना. मी खाली बसले आणि सुनेला म्हटलं, आधी ऐकून घे. मशीन बिघडलेलं नव्हतं. बुधवारीच तुझा आकडा वाईट आला होता. तुला सावलीत बसवलं आणि मी विसरले. मग रजिस्टरातही चुकीचं लिहिलं. तुझी ही जी अवस्था झाली ती माझ्यामुळे. मी आले ते उपकार करायला नाही आले.

इतकं सगळं मी एका दमात बोलले. सासू आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत होती. मला वाटलं आता सून मुलीला घेऊन आत जाईल, किंवा मला जायला सांगेल. मी त्याची तयारी करून आले होते.

तिने मुलीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “मी सावलीत बसले होते ना. सगळे गेले तरी बसले होते. माझं डोकं फुटत होतं, डोळ्यापुढे अंधारी येत होती. मी दोनदा उठून तुझ्याजवळ आले सांगायला.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तू लिहीत होतीस.”